नागीण : औषधाचा उपयोग व घ्यावयाची काळजी

नागिणीचा रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात बहुधा उशिरा येतो. अंगावर गेरूचा लेप असतो आणि नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांस मिळाले की माणूस दगावतो, या भीतीने घरची मंडळी हवालदिल झालेली असतात. ही समजूत निराधार आहे. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्तावस्थेत राहतो. वार्धक्यात किंवा प्रतिकारशक्ती खालावली असता तो पुन्हा जागा होतो आणि एका बाजूच्या मज्जातंतूच्या मार्गाने फोड उठतात. म्हणूनच ते सहसा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात.

या विषाणूवर असायक्लोव्हिर हे औषध गुणकारी आहे. त्याच्या संशोधनात मोलाचा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विषाणूचेच विकर या औषधास कार्यान्वित करते, त्यामुळे निरोगी पेशींना फारशी झळ पोहोचत नाही. मात्र ते विषाणूची वाढ रोखते, सुप्त विषाणूचे उच्चाटन करीत नाही. म्हणून पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत उपचार सुरू होणे महत्त्वाचे. लेप आणि मंत्र यांत नेमका हाच काळ निघून जातो.

प्रौढांस सामान्यतः ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ५ वेळा, ७ दिवस देतात. (पाचवी गोळी हमखास विसरली जाते!) गरजू रुग्णांना आम्ही साहाय्य निधीतून संपूर्ण आठवड्याच्या गोळ्या एकदमच देतो. दोन दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावले, तर दूरच्या गावचा रुग्ण परत येईलच असे नाही.

मळमळ, डोकेदुखी, जुलाब हे दुष्परिणाम बहुधा सौम्य असतात. खरी चिंता मूत्रपिंडाची. हे औषध मूत्रावाटे बाहेर पडते. शरीरात पाणी कमी असल्यास, विशेषतः शिरेवाटे औषध देताना, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात. म्हणून भरपूर पाणी प्यावे आणि वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा, म्हणजे मात्रा कमी करता येते. वृद्ध रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा त्यास भास होऊ लागले, तर ‘वयामुळे होते’ असे समजून स्वस्थ बसू नये; तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

पुरळ गेल्यावरही काहींना महिनोन्‌महिने वेदना राहतात. औषध वेळेवर घेऊनही ती टळेलच असे नाही. तिच्यासाठी निराळे उपचार आहेत. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास दृष्टीस धोका संभवतो. अशा रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.