घरातील आठवणी आणि मुलांचे लेखन

प्राथमिक शाळांतील निबंधाच्या वह्या पाहिल्या असता एक गोष्ट वारंवार आढळून येते. ‘माझी आई’ किंवा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयांवर वर्गातील सर्व मुलांनी लिहिलेले निबंध जवळजवळ एकसारखे असतात. आई सर्वांचीच पहाटे उठते. आणि पाऊस, ज्या तालुक्यात तो फारसा पडत नाही तेथेही, धो धो कोसळतो. मुलांजवळ सांगण्यासारखे काही नाही, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या घरातील हकीकत वहीत लिहिण्याच्या योग्यतेची असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्याशी निगडित असा एक थोर दाखला आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे राहुरी व नगर येथे गेली. त्यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तरीही १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्याचे भूषण ठरली. त्यांतील आरंभीचा मजकूर लक्षपूर्वक वाचावा. १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना झालेली फाशी ही लक्ष्मीबाईंच्या जन्मापूर्वीची घटना. ती त्यांना घरच्या माणसांकडूनच कळलेली. वडिलांचे पराकोटीचे सोवळे मात्र त्यांनी स्वतः अनुभवलेले. ऐकलेले आणि पाहिलेले यांची सांगड घालून त्या लिहितात, आणि भाषा घरात बोलतात तीच ठेवतात. आपल्या विद्यार्थ्यांस नेमके हेच शिकवावयाचे आहे.

वर्गात हे कार्य पुढील क्रमाने करता येईल.

१. प्रश्न लहान व नेमका असावा. ‘आजोबांची माहिती लिहून आणा’ असे सांगितल्यास जन्मगाव आणि व्यवसाय एवढेच हाती येते. त्याऐवजी ‘१९७२ च्या दुष्काळात आपल्या घरी काय शिजत असे?’ असे विचारावे. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या आजीला खडी फोडण्याचे काम, तेथे मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांची आठवण असण्याचा संभव आहे. नेवासे व शेवगाव तालुक्यांतील कित्येक घरांत जायकवाडीच्या जलाशयाखाली गेलेल्या गावाची आठवण निघेल. पाथर्डीकडील मुलांस ऊसतोडीची कोपी, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि गाडीतून झालेला प्रवास ठाऊक असतो.

२. ऐकलेले पडताळून पाहावे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली; तथापि पुढेही पंचवीस पैशांस लोक चार आणेच म्हणत. यास्तव ‘चार आणे मजुरी’ एवढ्यावरून काळ ठरवू नये. त्या वेळी घरातील कोण केवढे होते, कोणते धरण बांधले जात होते, अशा खुणांवरून वर्ष शोधावे. दोन वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात फरक पडल्यास दोन्ही लिहावे. इतिहासाचा अभ्यास येथूनच सुरू होतो.

३. वडीलधाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. निवेदन प्रमाण भाषेत असावे. परंतु आजीचे बोलणे अवतरणचिन्हांत तिच्याच बोलीत यावे. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातील आजी शेवगावच्या आजीसारखी बोलणार नाही, आणि शिक्षकाने तांबड्या शाईने तिला तसे बोलावयास लावू नये.

४. एकच प्रसंग घ्यावा. पंधरा ओळी पुरेत. कोण, कोठे, हातात काय होते, कोण काय बोलले, एवढे आले की लेखन आपोआप उभे राहते.

एका बाबीविषयी विशेष सावधगिरी हवी. प्रत्येक घरातील आठवण सुखाची नसते. कर्ज, व्यसन, जातीमुळे सोसलेला अपमान, परागंदा झालेला बाप या गोष्टीही मूल ऐकून येते. असे लेखन मुलाच्या व घरच्यांच्या संमतीवाचून वर्गात वाचून दाखवू नये, भिंतीवर लावू नये, की त्यावर गुण देऊ नयेत. ज्या मुलास आजी-आजोबा नाहीत त्याने शेजारच्या वृद्धास विचारावे. तसेच पराक्रमाची कथा आणणाऱ्याची जेवढी वाखाणणी होते, तेवढीच कोयता घेऊन दरवर्षी गाव सोडणाऱ्या घराच्या कथेचीही व्हावी. आपल्या आईबापांचे कष्ट सांगताना मूल लाजले, तर आपले शिकवणे कोठे तरी उणे पडले असे समजावे.

दुष्काळ पाहिलेली, धरणाखाली गाव जाताना पाहिलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी बहुतेक ठिकाणी लिहिलेल्या नाहीत, आणि त्या लिहून घेण्यास गावोगाव पोहोचलेली संस्था म्हणजे आपली प्राथमिक शाळाच होय. तरी शिक्षकबंधुभगिनींनी येत्या शनिवारी वर्गास एकच प्रश्न देऊन घरी पाठवावे, आणि सोमवारी आलेल्या वह्या चुका शोधण्यापूर्वी एकदा केवळ वाचाव्यात.