दगडी जिना : मलंगगड ते चंदेरी

कल्याणहून कर्जतला जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताची खिडकी मिळाली, तर ती सोडू नका. विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागे पडतात आणि घरांच्या, कारखान्यांच्या फटींतून एक डोंगररांग डोके वर काढते. आधी दिसतो तो मलंगगड. अंबरनाथच्या पुढे तावलीचा डोंगर येतो. बदलापूर सोडून गाडी वांगणीकडे निघाली की चंदेरीचे टोकदार शिखर आणि त्याच्या शेजारचा म्हैसमाळचा सुळका दिसू लागतो. याच रांगेत नवरा-नवरी नावाचे सुळकेही आहेत, आणि नेरळपाशी माथेरानचे पठार येते.

पावसाळा संपल्यावर, हवा स्वच्छ असताना या रांगेकडे नीट पाहा. डोंगरांवर आडवे पट्टे दिसतील. एक काळा, उभा पट्टा. त्याखाली हिरवा, उतरता पट्टा. त्याखाली पुन्हा काळा, पुन्हा हिरवा. काळे पट्टे म्हणजे कडे, हिरवे म्हणजे झाडी आणि गवताचे उतार. एका डोंगरावरचा पट्टा शेजारच्या डोंगरावर जवळजवळ त्याच उंचीवर पुढे चालू झालेला दिसतो. जणू कोणी पट्टी धरून रेघा मारल्या आहेत!

या रेघा कोणी मारल्या? आणि डोंगरावरची पाऊलवाट हिरव्या पट्ट्यावर आडवी आडवी का जाते, काळ्या पट्ट्याशी येताच एखादी नाळ शोधून वर का चढते? चला, हे कोडे पायी चालूनच सोडवू या.

जिन्याचा जन्म

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा एखादाच ज्वालामुखी येथे नव्हता. शिलारस भेगांतून उसळे, पुरासारखा दूरवर पसरे आणि थिजे. काही काळ शांततेत जाई. मग पुन्हा उद्रेक होई आणि जुन्या थरावर नवा थर बसे. असे थरांवर थर साचत गेले. आजही हा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. यालाच ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला. दख्खनच्या डोंगरांना तो किती शोभतो, हे तुम्ही आता खिडकीतून पाहिलेच आहे.

शिलारसाचा प्रत्येक थर मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखा नसतो. दुधाला उकळी आली की बुडबुडे वर येतात, तसेच शिलारसातले वायू वर येतात. वरचा भाग लवकर थिजल्यामुळे ते तेथेच अडकतात. त्यामुळे थराचा माथा भोकाभोकांचा, ठिसूळ असतो. मधला भाग सावकाश थंड होतो. तो घट्ट, काळा आणि कठीण बनतो. थंड होताना तो आकसतो, म्हणून त्याला उभ्या भेगा पडतात. काही ठिकाणी या भेगा इतक्या नियमित असतात की खडकाचे बहुकोनी खांब बनतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल ही टेकडी अशाच खांबांची आहे.

दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला, तर जुन्या थराचा माथा ऊनपावसाने कुजून त्याची तांबडी माती होई. नव्या शिलारसाखाली ती भाजून निघे. कड्याच्या पायथ्याशी विटकरी रंगाची पट्टी दिसली, तर ती दोन उद्रेकांमधली विश्रांती आहे असे समजा.

आता कोडे अर्धे सुटले. थराचा घट्ट भाग म्हणजे काळा कडा. ठिसूळ भाग म्हणजे हिरवा उतार, कारण तेथे माती धरते आणि झाडे रुजतात. गुराखी, मोळीविके आणि वाटसरू यांची पावले सोप्या जागीच पडतात. म्हणून वाट ठिसूळ थरावरून आडवी जाते आणि घट्ट थर जेथे भेगेवर फुटला असेल, त्या नाळेतून वर चढते. या डोंगरांत वाट माणसांनी मळली खरी, पण ती आखली दगडाने.

एक सोपे गणित

आता बदलापूर स्टेशनाच्या फलाटावर उभे राहा. पश्चिमेला माथेरानची रांग आहे, पूर्वेला दूरवर सह्याद्रीचा मुख्य कणा. दोन्हीकडे तसेच आडवे थर आहेत. मग मधल्या या सपाटीवर काय होते? तेच थर होते! माथेरानची रांग ही मूळ पठाराचा शिल्लक राहिलेला तुकडा आहे. तुमच्या डोक्यावर, जेथे आता मोकळी हवा आहे, तेथे एके काळी किमान ७०० मीटर जाडीचा खडक होता. उल्हास, वालधुनी आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य ओढ्यांनी तो कातून खाडीकडे नेला.

७०० मीटर म्हणजे ७ लाख मिलिमीटर. त्यासाठी सुमारे ६ कोटी वर्षे मिळाली असे धरू. भागाकार केला तर उत्तर येते : १ मिलिमीटर झिजायला सरासरी सुमारे ८६ वर्षे. एका माणसाच्या आयुष्यात एक मिलिमीटर! डोंगरासारखे स्थिर दुसरे काही नाही, असेच कोणालाही वाटेल.

पण हे गणित एकदा ताडून पाहू. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिवमंदिर आहे. शिलाहारांच्या काळातल्या या मंदिराच्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे. ते याच प्रदेशातल्या काळ्या दगडात बांधलेले आहे. आपल्या गणितानुसार साडेनऊशेहून अधिक वर्षांत त्या दगडाचा सुमारे ११ मिलिमीटर जाडीचा थर जायला हवा होता. तसे झाले असते, तर बाहेरच्या भिंतींवरचे नाकडोळे, दागिने, वेलबुट्ट्या यांतले काही उरलेच नसते. मूर्ती झिजल्या आहेत, काही भंगल्याही आहेत; पण नक्षीची बारीक वळणे अजून ओळखू येतात. म्हणजे घट्ट दगड आपल्या सरासरीपेक्षा पुष्कळ सावकाश झिजतो.

मग ७०० मीटर खडक गेला कसा? याचे उत्तर मंदिरात नाही. त्यासाठी चंदेरीची वाट धरावी लागेल.

चंदेरीच्या नाळेत

वांगणी किंवा बदलापूर स्टेशनवरून चंदेरीच्या पायथ्याच्या चिंचोली गावात जाता येते. गावामागे शेते संपली की वाट ओढ्याच्या साथीने वर निघते. समोर डावी-उजवीकडे चंदेरी आणि म्हैसमाळ उभे असतात, आणि त्यांच्या मधल्या घळीकडे आपण चढत असतो.

येथे पायाखाली पाहा. ओढ्यात बैलगाडीएवढे धोंडे पडलेले आहेत. काहींच्या बाजू करवतीने कापल्यासारख्या सपाट, कडा धारदार. पाण्याने घासला गेलेला दगड गोटा होतो. धारदार कडा असलेला धोंडा दुरून वाहत आलेला नसतो. तो वरून पडलेला असतो. मान वर करून कड्याकडे पाहा. तेथे तशाच सपाट, उभ्या बाजूंचे रिकामे कोनाडे दिसतील. धोंडा कोठून निसटला, हे कडा स्वतःच सांगतो.

काही दगड भोकाभोकांचे असतात आणि भोकांत पांढरे खडे चमकतात. ही गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइट नावाची खनिजे होत. थिजलेल्या खडकात शिरलेल्या पाण्यातून ती साचली. ‘झिओलाइट’ म्हणजे ‘उकळणारा दगड’. अशा एका खनिजाला तापवल्यावर त्यातून पाण्याची वाफ निघून ते फसफसले, म्हणून १७५६ साली क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिले.

घळीच्या वर खिंडीपाशी पोचलात की वाट चंदेरीच्या कातळाला बिलगून पुढे जाते. तेथे गुहा आहे, शिवपिंडी आहे आणि कातळात पाण्याचे टाके आहे. गुहा येथेच, कड्याच्या पायाशी का? कारण कड्याखालचा ठिसूळ थर आधी झिजतो आणि आत पोकळी होते. माणसाला खोदकामही मऊ थरात सोपे जाते. उलट घट्ट कातळातून पाणी सहजी झिरपत नाही, म्हणून तेथले टाके पाणी धरून ठेवते. जुन्या काळच्या पाथरवटांनी भूगर्भशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. त्यांनी डोंगर वाचला होता.

मात्र गुहेच्या छताकडे पाहून एक विचार मनात आणा. खालचा थर असाच आत आत गेला, तर वरच्या कड्याला आधार कशाचा? त्यात उभ्या भेगा तर आधीपासूनच आहेत. एका पावसाळ्यात पाणी भेगेत शिरते, मातीवरचा भार वाढतो, आणि भेगेपुढचा सबंध भाग खाली येतो. मागचा कडा पुन्हा उभाच्या उभा! पुढच्या भेगेपर्यंत सारे शांत. दोन बाजूंनी असे तुकडे पडत गेले की मध्ये उरतो तो सुळका.

आता गणिताची चूक कळली ना? भागाकार बरोबर होता. पण डोंगर दर वर्षी थोडा थोडा, सगळीकडे सारखा झिजत नाही. तो शेकडो वर्षे गप्प राहतो आणि एका रात्रीत शेकडो वर्षांचा हिशेब चुकता करतो.

गड आणि वाडी

घट्ट थराचे उभे कडे माणसाच्या कामी आले. मलंगगडाला पीरमाची, सोनमाची आणि बालेकिल्ला असे एकावर एक टप्पे आहेत. दगडी जिन्याच्या या जणू तीन रुंद पायऱ्या. पीरमाचीपर्यंत भाविकांची वर्दळ असते, पण बालेकिल्ल्याचा कातळ अजूनही चढायला अवघड आहे. १७८० साली इंग्रजांच्या कॅप्टन अबिंग्टनच्या तुकडीने गडाचा खालचा भाग घेतला. वरच्या कातळावरची मराठ्यांची शिबंदी मात्र त्यांना हटली नाही. तेथे तटबंदीचे काम निसर्गाने आधीच करून ठेवले होते.

तोच कडा दुसऱ्या वेळी वेगळे रूप दाखवतो. माथेरानजवळच, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाचा सुळका आहे. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची आदिवासी वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा भाग वाडीवर कोसळला. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. झोपेतल्या त्या माणसांचा काय दोष? मऊ उतारावर माती असते, पाणी असते, घर बांधायला जागा असते. म्हणून अशा डोंगरांत वस्ती नेहमी तेथेच होते. आणि वरून येणारे सारे तेथेच येऊन थांबते.

म्हणून डोंगराची ही लिपी आपल्याला वाचता आली पाहिजे. उतारावर नवी, लांब भेग पडणे, सरळ झाडे वा खांब एका बाजूला कलणे, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे, वरून लहान दगड सतत येऊ लागणे : ही डोंगर हलू लागल्याची चिन्हे आहेत. ती दिसली, तर घरी, शाळेत आणि गावात ताबडतोब सांगावे आणि त्या जागेपासून दूर जावे.

सहलीला जाताना

चंदेरीला जायचे तर पावसाळा सरल्यावर, जाणत्या गिर्यारोहकांबरोबर आणि सकाळी लवकर निघून जावे. गुहेपुढचा माथ्याकडचा कातळटप्पा अरुंद आणि धोक्याचा आहे. दोर आणि अनुभवी माणूस नसेल, तर गुहेपाशीच थांबावे; दगड वाचायला तेवढे पुरेसे आहे. कड्याखाली जेवायला बसू नये, दगड मुद्दाम खाली लोटू नये. बदलापूरजवळच्या कोंडेश्वराच्या कुंडांत पावसाळ्यात उतरू नये. वरून पाणी शांत दिसले, तरी खाली खडक किती खोल कोरला गेला आहे ते दिसत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहा. बांधकामापाशी पडलेला खडीचा एक खडा आणि ओढ्यातला एक भोकाभोकांचा, तांबूस दगड घ्या. दोन्ही कोरडे असताना वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. कोणत्या दगडाचे वजन जास्त वाढले? जो पाणी प्यायला, तो कड्याखालचा थर आणि जो कोरडा राहिला, तो कडा. भोके पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतील, तर उत्तर थोडे निराळे येईल. तसे का, याचा विचार तुम्हीच करा.

आणि पुढच्या वेळी उजव्या खिडकीशी बसाल, तेव्हा रुळांखालची खडी आठवा. तीही या काळ्या कातळाचीच. गाडी ज्या दगडावरून धावते, तोच दगड समोर जिन्याच्या रूपाने उभा आहे. आणि त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी घर, शेत किंवा गुरांची वाट आहे.