ड आहे, ट नाही!

‘स्टार ट्रेक’मधले क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरचे लढवय्ये. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी भाषावैज्ञानिक मार्क ओक्रँड यांनी त्यांची भाषा रचली आणि पुढच्याच वर्षी तिचा कोशही काढला. भाषा परकी वाटायला हवी होती, पण ती बोलणार होती माणसंच, म्हणजे नट. त्यामुळे ओक्रँड यांनी ध्वनी माणसांच्याच भाषांमधले घेतले आणि मोडली ती त्यांची घडी.

ही मोड मराठी माणसाला फार चटकन दिसते, कारण आपली वर्णमाला उच्चारस्थानांवरच बेतलेली आहे. क्लिंगॉनची २१ व्यंजनं आपल्या वर्गांत बसवून पाहा. त आहे, द नाही. ड आहे, ट नाही. स नाही, पण मूर्धन्य ष आहे, तोच ष जो आपण शाळेत शिकतो आणि बोलताना बहुतेक जण श करून टाकतो. कवर्गात क आणि ग दोन्ही गायब, ङ मात्र हजर! नैसर्गिक भाषांत ध्वनी सहसा जोडीनं नांदतात: त असला तर बहुधा द असतो, ट असला तर ड. ओक्रँड यांनी या जोड्याच फोडल्या. त्यांची खरी कल्पकता मला इथे दिसते.

इंग्रजी बोलणाऱ्यांना हा ड जड जातो, आपल्याला तो आयता मिळतो. घाम फुटतो तो दुसऱ्याच एका व्यंजनानं. जिभेचं टोक त म्हणताना लावतो तसं वर टेकवायचं, तिथेच धरून ठेवायचं आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी जोरात सोडायची. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत याच्या जवळचा ध्वनी आहे. रोमन लिपीत तो टी, एल, एच अशा तीन अक्षरांनी लिहितात, तरी व्यंजन एकच.

लेखनातली खरी गंमत कॅपिटल अक्षरांची. डी, एस आणि एकटा येणारा एच ही इथे कायम कॅपिटलच असतात, म्हणजे वाचणाऱ्यानं इंग्रजी उच्चार करू नये. क्यू मात्र दोन्ही आकारांत येतो आणि ती दोन वेगळी व्यंजनं आहेत. छोट्या क्यूसाठी जीभ क पेक्षा बरीच मागे, पडजिभेपाशी टेकते. मोठ्या क्यूला तिथेच खरखरीत घर्षणही लागतं. एकाच शब्दात क्यू छोटा असला तर अर्थ ‘आग’, मोठा असला तर ‘संशोधन करणे’. म्हणून क्लिंगॉनमध्ये वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल अक्षर घालायची सोय नाही.