हातातून पिक निसटू लागते तेव्हा: एक गिटार अल्बम आणि मनगटातील नस

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. अशी तक्रार असणाऱ्या बहुतेकांची मनगटातील नस दबलेली असते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण हाताची प्रत्येक तक्रार या नसेमुळे नसते. हा फरक समजावताना मला एक अल्बम आठवतो.

डेरेक बेली हे इंग्लंडमधील शेफील्डचे गिटारवादक. जन्म १९३० चा. ठरलेली चाल किंवा ताल न धरता त्या क्षणी सुचेल ते वाजवणे ही त्यांची पद्धत. उतारवयात त्यांना उजव्या हातात पिक धरता येईना. कार्पल टनेल सिंड्रोम असे निदान झाले. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि अंगठ्याने तारा छेडत पुन्हा शिकायला सुरुवात केली. २००५ मध्ये आलेल्या अल्बमचे नावच 'कार्पल टनेल' आहे. सुरुवातीला ते स्वतः बोलून अडचण सांगतात. पुढचे तुकडे तीन, पाच, सात, नऊ आणि बारा आठवड्यांनंतरचे आहेत.

गाणे म्हणून ऐकायला बसलात तर निराशा होईल. सुटे सूर, मध्ये शांतता. सवय नसलेल्या कानाला जडच जाते. मला मात्र त्यात फिजिओथेरपीच्या वहीसारखे काहीतरी ऐकू येते: दर काही आठवड्यांनी हात काय करू शकतो, याची नोंद.

पुढे कळले की हा मोटर न्यूरॉन डिसीज होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

हे वाचून घाबरू नका. मोटर न्यूरॉन डिसीज दुर्मीळ आहे, तर कार्पल टनेल सिंड्रोम अगदी नेहमीचा. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, संधिवात आणि गरोदरपणात तो जास्त दिसतो. मनगटातील अरुंद बोगद्यात मीडियन नावाची नस दबते. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. म्हणून सुरुवात बहुधा मुंग्या आणि बधिरपणाने होते, तीही रात्री. करंगळीला सहसा काही होत नाही. ताकद कमी होते ती नंतर, आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो.

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये बिघाड स्नायू हलवणाऱ्या पेशींत असतो. संवेदना सहसा शाबूत राहते. मुंग्या नाहीत, दुखत नाही, पण शर्टाचे बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही. कधी त्वचेखाली स्नायू आपोआप फडफडताना दिसतात.

घरी एक गोष्ट पाहता येते. हाताच्या पाठीमागे, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला स्नायू दोन्ही हातांवर ताडून पाहा. पिक किंवा किल्ली चिमटीत घट्ट धरताना तो कामाला येतो. त्याला चेतना देणारी नस मीडियन नव्हे, अल्नर आहे. ती कार्पल टनेलमधून जात नाही. तिथे खळगा पडला असेल तर फक्त कार्पल टनेल म्हणून सोडून देऊ नये. बहुतेकदा कारण कोपरात दबलेली अल्नर नस किंवा मानेतील मणका निघते. तरीही न्यूरॉलॉजिस्टला दाखवावेच.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी नसांची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन स्टडी, आणि गरज असेल तर स्नायूंची ईएमजी करून घ्यावी. निदान पक्के असेल आणि त्रास सौम्य असेल, तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधून अनेकांना आराम पडतो. स्टिरॉइडचे इंजेक्शन हा पुढचा पर्याय. स्नायू सुकू लागला असेल किंवा बधिरपणा दिवसभर राहत असेल, तर शस्त्रक्रिया लांबवू नये. दबलेली नस फार दिवस तशीच राहिली तर पूर्ण भरून येत नाही. या बाबतीत बेलींचे अनुकरण नको.

पट्टा किंवा शस्त्रक्रियेनंतरही अशक्तपणा वाढतच असेल, दुसऱ्या हातात किंवा पायात उतरत असेल, बोलताना जीभ जड होत असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. जाताना जुने रिपोर्ट न्या, आणि कोणत्या आठवड्यात कोणते काम जमेनासे झाले ते कागदावर लिहून न्या.