धर्मस्वातंत्र्य फक्त एकाच बाजूचे नाही

अमेरिकेत कुणी न्यायालयात धर्मस्वातंत्र्याचा दावा केला की तो गर्भपाताला किंवा समलिंगी विवाहाला विरोध करणारा कर्मठ ख्रिस्तीच असणार, असे सर्रास गृहीत धरले जाते. हाच दावा स्थलांतरितांच्या मदतीसाठी किंवा गर्भपाताच्या हक्कासाठी झाला, तर ते धर्माचे पांघरूण घेतलेले राजकारण ठरते. अशा दाव्यांना आधार देणाऱ्या कायद्याचा जन्म मात्र वेगळेच सांगतो. धार्मिक विधीत पेयोटे हा भ्रम निर्माण करणारा निवडुंग सेवन केल्याने नोकरी गेलेल्या दोघांना बेकारी भत्ता नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये वैध ठरवले. त्याविरुद्ध उदारमतवादी नागरी हक्क संघटना आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती एकत्र उभे राहिले. 'धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा' सिनेटने ९७ विरुद्ध ३ मतांनी संमत केला आणि १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. तो एका बाजूचा वाटू लागला तो मुख्यतः २०१४ च्या 'हॉबी लॉबी' निकालानंतर, जेव्हा काही गर्भनिरोधकांचा विमाखर्च श्रद्धेच्या आधारे नाकारण्याची मुभा काही कंपन्यांच्या मालकांना मिळाली.

राहिला दाव्यामागच्या श्रद्धेच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सीमा ओलांडणारी माणसे तहानेने मरतात. तिथल्या काबेझा प्रिएटा अभयारण्यात परवान्याशिवाय शिरून पाणी आणि अन्न ठेवल्याबद्दल 'नो मोअर डेथ्स' या मदतसंस्थेच्या चार स्वयंसेवकांना शिक्षा झाली. ही राजकीय कृती आहे, श्रद्धा नव्हे, असे सरकारचे म्हणणे होते. संघीय न्यायाधीश रोझमेरी मार्केझ यांनी ते फेटाळून फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षा रद्द केली. तहानलेल्याला पाणी देणे हे धर्मकृत्य नाही, असे कुठला धर्म म्हणेल? कृतीचा राजकीय परिणाम झाला म्हणून तिच्यामागची श्रद्धा खोटी ठरत नाही. नाहीतर गर्भपातविरोधकांचीही श्रद्धा खोटीच म्हणावी लागेल.

'पण सगळ्या धर्माचे तसे मत कुठे आहे?' हा आक्षेप भारतीय वाचकाला पटण्याजोगा आहे, कारण १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून आपली न्यायालये एखादी प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का, हे तपासत आली आहेत. अमेरिकेत तसे नाही. इंडियाना राज्यातील 'यहोवाज विटनेस' या ख्रिस्ती पंथाच्या एका कामगाराने रणगाड्यांचे भाग बनवायला नकार दिला. त्याच पंथाच्या सहकाऱ्याला त्यात वावगे वाटत नव्हते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नकार देणाऱ्या कामगाराच्या बाजूने निकाल दिला. त्याच इंडियानात, आईच्या जिवाला आणि आरोग्याला अग्रक्रम देणाऱ्या ज्यू श्रद्धेच्या आधारे काही स्त्रिया गर्भपातबंदीविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्यांनी आधार घेतला तो २०१५ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी सही केलेल्या, पुरोगाम्यांनी कडाडून विरोध केलेल्या राज्यकायद्याचा!

मग उद्या कुणीही श्रद्धेच्या नावाने कायदा मोडेल, ही भीती अगदीच निराधार नाही. पण श्रद्धा खरी ठरली म्हणजे दावा जिंकला असे होत नाही. सरकारचे हित अत्यंत निकडीचे असेल आणि ते साधण्याचा याहून सौम्य मार्ग नसेल, तर श्रद्धेला माघार घ्यावी लागते. २०१८ मध्ये जॉर्जियातील किंग्ज बे या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या तळात शिरलेल्या सात कॅथलिक शांतता कार्यकर्त्यांची श्रद्धा न्यायालयाने खरी मानली, आणि तरी पुढल्या वर्षी ते दोषी ठरले. दावा टिकला तरी मिळते ती सूट दावेदारापुरतीच. इंडियानाच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्या स्त्रियांच्या बाजूचा मनाई हुकूम उचलून धरला, पण राज्यातल्या इतर स्त्रियांसाठी गर्भपातबंदी तशीच लागू राहिली.