आगीवर चालणारा फ्रिज

अमेरिकेत सुट्टीत ‘आरव्ही’ घेऊन भटकणारी कुटुंबे बरीच आहेत. आरव्ही म्हणजे ओटा, बिछाने, शौचालय अशी सोय असलेले चाकांवरचे घर. जंगलात मुक्काम पडला की वीज मिळत नाही. तरीही अशा अनेक गाड्यांतला फ्रिज दूध, मांस थंड ठेवतो, तोही चक्क गॅसच्या ज्योतीवर!

या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधील दोन विद्यार्थ्यांनी १९२२मध्ये शोधलेल्या पद्धतीवर तो चालतो. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वायुरूपात वर जातो, बाहेरच्या हवेने निवून द्रव होतो आणि हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा बाष्प होताना फ्रिजमधली उष्णता शोषून घेतो.

ही उष्णता कधी आणि कशाने द्यायची, हे कंट्रोल बोर्ड ठरवतो. तो स्वतः गाडीच्या १२ व्होल्ट पुरवठ्यावर चालतो. बाहेरची वीज जोडलेली असेल तर तो हीटर चालू करतो, नसेल तर गॅसकडे वळतो. फ्रिजच्या आत बसवलेला थर्मिस्टर त्याला तापमान कळवतो. गारवा वाढला की थर्मिस्टरचा विद्युतरोध वाढतो.

खरी जोखीम गॅसची असते. बोर्ड झडप उघडून ठिणगी पाडतो आणि ज्योत पेटली का, हे तपासतो. ठरलेल्या वेळेत ती पेटली नाही, तर तो झडप बंद करून इशाऱ्याचा दिवा लावतो. त्यामुळे न जळलेला गॅस साचत नाही. म्हणूनच दिवा लागल्यावर बटण दाबत राहण्यापेक्षा सिलिंडर आणि बर्नर तपासावा. बोर्डाला बगल देऊन थेट तारा जोडणे तर जिवावर बेतू शकते.

गाडी कललेली असेल तर नळ्यांतला द्रव नीट वाहत नाही आणि बॉयलर जास्त तापतो. असे वारंवार झाले तर नळ्या निकामी होतात. नाकाडोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सर्वांनी आधी बाहेर पडावे.

शिवाय दूध नासले का, हे बोर्डाला कळत नाही. त्यामुळे आत साधा थर्मामीटर ठेवावा. पारा ४ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. त्याहून गरम जागेत दोन तासांपेक्षा जास्त राहिलेले दूध, मांस टाकूनच द्यावे. वास ठीक आहे, एवढ्यावर विसंबू नये.