सतरा नंबरच्या खोलीतली वकिली

लातूर एक्स्प्रेस किंवा देवगिरीनं सकाळी सीएसएमटीला उतरलेला आपल्याकडचा माणूस मंत्रालय गाठतो, काम उरकतो आणि रात्रीच्या गाडीला लागतो. मुंबई उच्च न्यायालयाकडे तो फिरकत नाही. कोर्टाची पायरी हौसेनं कोण चढणार? पण ओळखपत्र खिशात असेल आणि सुट्टीचा दिवस नसेल, तर तळमजल्यावरची 17 नंबरची खोली जरूर पाहावी. फेब्रुवारी 2015 पासून तिथं न्यायालयाचं संग्रहालय आहे.

जुन्या खुर्च्या, दौती, शिक्के हे ओघानं आलंच. पाय थबकतात ते गांधी आणि जिना यांच्या बॅरिस्टरीच्या कागदांपाशी. विलायतेहून परतलेल्या बावीस वर्षांच्या गांधींनी सनदेसाठी इथं अर्ज केला तो नोव्हेंबर 1891 मध्ये. पुढं स्मॉल कॉज कोर्टातल्या पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे गेलं, 30 रुपये फी परत गेली. नव्या सनदधारकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

इमारत 1871 ते 1878 या काळात उभी राहिली. एका खांबावर एक डोळा बांधलेलं, वाकडा तराजू धरलेलं माकड कोरलंय. खटला हरलेल्या कंत्राटदारानं असा सूड उगवला म्हणतात. खरंखोटं कोण जाणे! वर 46 नंबरच्या दालनात 1908 साली न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. याच दावरांनी 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती.

आपला मुलूख मात्र या खोलीत शोधून सापडत नाही. तेव्हा नांदेड-लातूर निजामाकडे. तिथली दफ्तरं आधी फारसीत, 1884 पासून उर्दूत. परभणीकडचे केशवराव कोरटकर गुलबर्ग्यात वकिली करून पुढं हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. मुंबईशी आपला संबंध आला 1956 नंतर, आणि 1981 मध्ये औरंगाबादला खंडपीठ आल्यावर तोही सैल झाला. जमिनीच्या जुन्या वादात आजही उर्दू कागद निघतात आणि पक्षकार ते वाचणारा शोधत फिरतात. त्यातल्या चार मिसली नांदेडच्या जिल्हा न्यायालयात काचेखाली, मराठी तर्जुम्यासह मांडायला काय हरकत आहे?